दोन भाडेकरूंच्या मधले दिवस

सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर आपलं नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं आहे. पंचवीस वर्षं आपण त्याच्या खालून जा-ये करतो आहोत, पण त्यातली वर्गीकरणाची ओळ फारशी कुणी वाचली नसेल. तिथे संस्थेचा प्रकार लिहिला आहे : 'भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था'. म्हणजे कर्ज फेडून झालेले, शेअर सर्टिफिकेट कपाटात जपून ठेवलेले आपण सगळे कागदोपत्री भाडेकरूच आहोत. फरक इतकाच की मालक आपलीच संस्था आहे.

हा शब्द उगाच आलेला नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या या चळवळीची सुरुवात तिथून धरतात आणि तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे कष्ट होते. त्या वेळची कल्पना साधी होती. घरं संस्थेच्या मालकीची, सभासदांनी भाडेकरू म्हणून राहायचं, आणि घरमालकाची लहर नावाची गोष्टच मधून काढून टाकायची. चाळीतल्या मालकाचा जाच सोसलेल्या लोकांनी काढलेली ही वाट होती.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आपल्या सोसायटीतली भाड्याची घरं' या विषयावर लिहा म्हणून सांगितलं. विषय मोठा आहे. मी त्यातला एक कोपराच घेतो : जुना भाडेकरू गेला आणि नवा अजून आलेला नाही, ते मधले आठ-दहा दिवस. आपल्याला हे दिवस माहीत आहेत ते कटकट म्हणून. लिफ्टपाशी राबिटची पोती, जिन्यात थिनरचा वास, रंगाऱ्याचा रेडिओ, दुपारी दोन वाजता ड्रिल मशीन, आणि सेक्रेटरींना एकामागून एक फोन. पण या दिवसांनाही इतिहास आहे, आणि आपल्यातले बरेच जण गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतून इकडे ठाण्याकडे आले असल्यामुळे तो बराचसा आपल्याच घरांचा आहे.

चाळीत खोली खाली झाली की मालकाचा मेहता पहिलं काम काढायचा ते चुना देण्याचं. कळीचा चुना बाजारातून यायचा. पिंपात टाकून त्यावर पाणी ओतलं की तो खदखदायचा, वाफा निघायच्या, पोरांना लांब उभं करायला लागायचं. गार झाला की फडक्यातून गाळायचा. अंगाला-कपड्याला पांढरं लागू नये म्हणून त्यात डिंक किंवा मीठ, आणि पिवळटपणा मरावा म्हणून थोडी नीळ. मग कुंचल्याने दोन हात. चुन्याची गंमत अशी की ओला असताना तो भिंतीवर दिसतच नाही, रंगारी फसवून गेला असं वाटतं. वाळला की मग भिंत पांढरी होते.

चुना हा नुसता रंग नव्हता. ताज्या चुन्यात बुरशी टिकत नाही, बारीक फटी बुजतात, ढेकणांना लपायला जागा उरत नाही. शिवाय भिंतीत ओल असली तरी चुन्यातून ती बाहेर पडू शकते. भिंत आतल्या आत कुजत नाही. आधीच्या बिऱ्हाडाचा धूर, तेल, आजारपण, सगळं त्या दोन हातांखाली जायचं आणि नव्या बिऱ्हाडाला कोरी खोली मिळायची. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तर इमारत साफ करून तिला चुना द्यायला मालकाला भाग पाडण्याचा अधिकारच आयुक्तांना दिलेला आहे. म्हणजे सफेदी ही मालकाची मेहरबानी नव्हे, शहराच्या आरोग्याची गरज आहे, हे तेव्हाच मान्य झालं होतं.

ही गरज किती टोकाला जाऊ शकते, ते आठच वर्षांत दिसलं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यानंतर मुंबईत घरंच्या घरं रिकामी करून धुऊन काढण्यात आली. जंतुनाशकं फवारली, जमिनी खणल्या, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवली आणि भिंतींना चुना फासला. जी घरं राहण्यालायक नाहीत असं ठरलं, त्यांच्यावर 'यू.एच.एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जात. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या प्लेग समितीने हेच काम सोल्जर घरात घुसवून केलं. त्यातून लोकांचा संताप कुठवर गेला आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय घडलं, ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. एरवी जो चुना नव्या बिऱ्हाडाच्या स्वागताचा, तोच त्या वर्षी घर हिसकावल्याची खूण झाला. घर रिकामं करणं आणि घर तयार करणं या दोन्हीत हत्यारं तीच असतात. बाकी सगळं ते कोण करतो आणि कसं करतो यावर.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधारणा मंडळ म्हणजे बी.आय.टी. आलं, त्याच्या चाळी झाल्या. १९२० मध्ये विकास खातं आलं आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे मिळून २०७ बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. या चाळींची एक गोष्ट आज कुणाला खरी वाटणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्यांतल्या बऱ्याच खोल्या रिकाम्याच पडून होत्या. शहरात माणसं एकेका खोलीत दाटीवाटीने राहात होती आणि इकडे नव्या खोल्यांना गिऱ्हाईक नव्हतं! भाडं गिरणी कामगाराला जड, उजेड-वारा अपुरा, सोयी अर्धवट. चार भिंती आणि छप्पर झालं म्हणजे खोली माणसासाठी तयार झाली असं होत नाही, हा धडा सरकारला तेव्हा मिळाला.

यानंतर मात्र असा काळ आला की 'दोन भाडेकरूंच्या मधले दिवस' हा प्रकारच मुंबईतून जवळजवळ नाहीसा झाला.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आलं, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ मध्ये पुन्हा आलं आणि १९४७ च्या कायद्याने ते पक्कं झालं. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं म्हणून धरलं गेलं. भाडेकरूला काढणं फार अवघड झालं. फाळणीनंतरची गर्दी, युद्धानंतरची टंचाई पाहता त्या वेळी हे करणं भागच होतं. गरीब माणूस रस्त्यावर आला नाही तो या कायद्यामुळे. कायदा तात्पुरता होता. त्याची मुदत मात्र पन्नास वर्षं वाढतच राहिली.

आता विचार करा. भाडेकरू जातच नाही. बापानंतर मुलगा, मुलानंतर सून, तीच खोली, तेच भाडं. खोली खाली होत नाही तर चुना कधी द्यायचा? कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच होती, पण महिन्याच्या ज्या भाड्यात पुढे एक डबा रंगही येईनासा झाला, त्या भाड्यात मालक दुरुस्ती करणार कुठून, आणि करणार कशाला? मालकाने हात काढून घेतला. भाडेकरूंनी आपापल्या पैशांनी लाद्या बसवल्या, पोटमाळे काढले, मोऱ्या उंच केल्या, गणपती-दिवाळीच्या आधी घरातल्या पोरांना हाताशी घेऊन स्वतःच भिंती रंगवल्या. खोलीच्या आतला भाग चकचकीत, बाहेरचा जिना मोडकळीला, हे दृश्य आपल्यातल्या किती जणांनी लहानपणी पाहिलं आहे! शेवटी १९६९ मध्ये सरकारलाच इमारत दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि शहर भागातल्या १९,६४२ जुन्या इमारती उपकराखाली घ्याव्या लागल्या.

खोली हातोहात बदलायची ती पागडीने. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रक्कम घ्यायचा, मालकाला त्यातला हिस्सा, बहुतेक ठिकाणी तिसरा, द्यायचा, आणि मालक पावती नव्या नावाने फाडायचा. कायद्याने गुन्हा, पण चालायचं सर्रास. यात खोली कोण तयार करून देतो हा प्रश्नच नव्हता. आहे तशी घ्या आणि गप्प बसा. नवं जोडपं तर या बाजारात उभंच राहू शकत नसे. राजा ठाकूर यांचा १९७० चा 'मुंबईचा जावई' आठवा. लग्न झालंय, पण दोघांना बोलायला कोपरा नाही. सिनेमा विनोदी होता, पण थिएटरात हसणारे घरी जाऊन त्याच कोपऱ्यात झोपायचे. त्यावरून दोन वर्षांनी हिंदीत 'पिया का घर' निघाला.

मालकांनी मग 'लीव्ह अँड लायसन्स'ची पळवाट शोधली. भाडेकरू नव्हे, नुसता परवानाधारक. हक्क नाही, फक्त राहायची मुभा. पण १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे अशा करारावर राहात होते ते संरक्षित भाडेकरू ठरले. राहणाऱ्यांना दिलासा मिळाला. घरमालकांनी मात्र असा धसका घेतला की पुढची पंचवीस वर्षं लोक रिकामे फ्लॅट कुलूप लावून ठेवत. जागा बुडण्यापेक्षा भाडं बुडालेलं बरं! उपनगरांत आणि ठाणे-डोंबिवलीकडे नव्या इमारती होत होत्या, त्यांतले कितीतरी फ्लॅट वर्षानुवर्षं अंधारात. भाड्याने द्यायचेच तर बँकेला, कंपनीला, किंवा ओळखीतल्या ओळखीत. आणि अकरा महिन्यांचा करार. हे अकरा महिने कुठून आले ते सांगायला हवं, कारण अजूनही लोक तो आकडा मंत्रासारखा म्हणतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. म्हणून एक महिना कमी.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात गोठवलेलं प्रमाण भाडं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सांगितलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आपली सोसायटी उभी राहिली ती याच सुमारास. म्हणून मी गमतीने म्हणतो, सोसायटी आणि हा कायदा जुळी भावंडं. या कायद्याने मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची आणि दुप्पट भरपाई मागण्याची सोय केली. त्याच वेळी करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं, मग मुदत अकरा महिन्यांची असो की साठ. नोंदणीची जबाबदारी मालकावर. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिन्यांची पळवाट आपल्याकडे गेली पंचवीस वर्षं बंद आहे, तरी आकडा काही सुटत नाही.

कुलपं उघडली. आणि पन्नास वर्षांनी ते मधले दिवस परत आले. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात म्हणून मे महिन्यात घरं बदलायची धांदल, गेटवर टेम्पो, दलालांची ये-जा. पितृपंधरवड्यात कुणी नव्या घरात जात नाही, म्हणून तो पंधरवडा दुरुस्तीला मोकळा. हे सगळं आता आपल्या इमारतीच्या वर्षाचा भाग झालं आहे.

पण मधल्या पन्नास वर्षांत एक गोष्ट आपण विसरलो. खोली तयार करून देण्याची सवय मोडली होती, ती परत आली नाही. तिच्या जागी आलं डिपॉझिट.

दोनेक वर्षांपूर्वी आपल्याच इमारतीतून एक कुटुंब गेलं. दोघं नोकरी करणारी, एक मुलगी, तीन वर्षं राहिले, कधी कुणाला मोठ्याने बोलले नाहीत. जाताना डिपॉझिटमधून एका महिन्याचं भाडं 'रंगाचे' म्हणून कापलं गेलं. भिंतींवर काय होतं? मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा, कॅलेंडरचा एक खिळा, आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ओल. ही ओल वरच्या घराच्या बाथरूममधून येत होती आणि त्याची तक्रार त्या कुटुंबानेच सोसायटीकडे दोनदा लेखी दिली होती. पुढे रंगारी आला, ओलीवर पुट्टी ओढली, वर प्लॅस्टिक पेंट मारला, घर कसं झकास दिसायला लागलं. नवे लोक मे महिन्यात आले. जुलैत त्याच कोपऱ्यात रंगाला फुगे आले, पापुद्रे सुटले. मालकांनी विचारलं, "तुम्ही आल्यावरच कसं झालं?" मालक वाईट गृहस्थ नाहीत. निवृत्त आहेत, त्या भाड्यावर त्यांचं घर चालतं, आणि दलालाने आणलेल्या छापील करारात 'रंगाचा खर्च वजा' असं कलम आधीपासूनच होतं. सही करताना ते ना त्यांनी वाचलं, ना त्या कुटुंबाने.

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात म्हटलं आहे की भाडेकरूने जागा घेतली तशी परत करावी, पण वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळून. राहायचं म्हणजे भिंत मळणार, फरशी घासली जाणार, कडी सैल होणार. ती झीज भाड्यातच आली. त्याच कलमाप्रमाणे जागेत सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष मालकाला माहीत असेल तर तो आधी सांगणं मालकावर बंधनकारक. 'आमचा तर लीव्ह अँड लायसन्स, भाडेपट्टा नाही' असं कुणी म्हणेल, तर परवान्याची व्याख्या ज्या सुविधाधिकार कायद्यात आहे तोही १८८२ चाच, आणि त्याच्या ५७ व्या कलमातही धोकादायक दोष सांगण्याची जबाबदारी परवाना देणाऱ्यावरच टाकली आहे. अर्थिंग नसलेला गीझर, खाली यायच्या बेतात असलेलं छताचं प्लास्टर, शॉक देणारा बोर्ड, हे सगळं त्यात येतं. पुट्टी ओढून दोष झाकणं हे यापैकी कशातच बसत नाही.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. आपल्याकडे चालतो तो १९९९ चाच कायदा. तरी त्या नमुन्याच्या परिशिष्टातली कामांची वाटणी वाचण्यासारखी आहे. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणं, वायरिंग ही कामं मालकाची. नळाचा वायसर, तुंबलेली मोरी, स्विच-सॉकेट, कडी-कुलूप, जाळी, काच ही भाडेकरूची. राहणाऱ्यासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं. म्हणजे आपण भाडेकरूच्या पैशातून जो रंग काढतो, तो या वाटणीत मालकाच्या रकान्यात आहे. चाळीतला तो मेहता, ज्याच्या नावाने आपल्या आजोबांनी बोटं मोडली, तो सफेदी तरी मालकाच्या खर्चाने करायचा!

आता थोडं प्रत्यक्ष कामाबद्दल, कारण दर मे महिन्यात मी तीच उलटी गंगा पाहतो : आधी रंग, मग प्लंबर. प्लंबर भिंत फोडतो, रंग परत. कामाचा क्रम पाण्यापासून सुरू व्हायला हवा. घर रिकामं आहे तोवर बाथरूमची मोरी बंद करून एक-दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. लोक राहात असताना ही परीक्षा करता येत नाही. ती संधी या मधल्या दिवसांतच मिळते. पंचवीस वर्षांच्या इमारतीत हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं तेच कुणी करत नाही. मग वीज : गीझर, अर्थिंग, ईएलसीबी चालतो का ते. मग सुतार. मग प्लास्टर-पुट्टी, आणि ती पूर्ण वाळू द्यायची. घाई इथेच होते. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडायची. प्लॅस्टिक पेंट ती आत कोंडून ठेवतो आणि पावसाळ्यात फुगे काढतो. १९४२ मध्ये मुंबईत सुरू झालेली एशियन पेंट्स, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला तिचा हातात ब्रश घेतलेला गट्टू, मग डिस्टेंपर, मग प्लॅस्टिक, असा आपल्या भिंतींचा प्रवास झाला. दिसायला प्रत्येक पायरी आधीपेक्षा छान, पण ओलीच्या बाबतीत भिंत अधिकाधिक मुकी होत गेली. शेवटी फरशी आणि पेस्ट कंट्रोल.

आणखी एक बारीकसारीक गोष्ट. घर पंधरा-वीस दिवस बंद राहिलं की नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं, मग ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट घरात. नवा माणूस दार उघडतो तो या वासाने नाक धरतो आणि आपल्याला वाटतं घर घाण आहे. दर चार-पाच दिवसांनी प्रत्येक मोरीत दोन तांबे पाणी ओतलं की झालं. चावी शेजारच्या काकूंकडे असतेच.

आता सोसायटीची बाजू. आपल्यासारख्या संस्थांचा या दिवसांतला हस्तक्षेप मुख्यतः दोन गोष्टींत दिसतो : पैसे आणि चौकशी. पैशाचं बऱ्यापैकी मार्गी लागलं. बिनभोगवटा शुल्काच्या नावाखाली संस्था वाटेल तेवढी रक्कम लावत, म्हणून १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर आणलं, आणि २००७ मध्ये मॉन्ट ब्लँक सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ही मर्यादा उचलून धरली. पुढे आदर्श उपविधींतही बदल होऊन घर भाड्याने द्यायला संस्थेची परवानगी नको, आगाऊ सूचना आणि कागदपत्रं पुरेत, असं झालं.

चौकशीचं तसं नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती द्यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण गेटवर आणि लिफ्टमध्ये जी चौकशी होते तिचा पोलिसांशी संबंध नसतो. आडनाव काय, खाणार काय, बॅचलर की फॅमिली, मुलगी एकटीच राहणार का. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत त्यांनी दिवस काढले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे ते परळच्या बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षं राहिले. गेल्या सर्वसाधारण सभेत 'भाडेकरूंचा दर्जा' असा विषय आला तेव्हा मला हेच आठवलं. आपल्या नोंदणीच्या कागदावर ज्यांचं वर्गीकरणच भाडेकरू म्हणून झालं आहे, त्यांनी दर्जाची भाषा कुणाबद्दल करायची?

कोविडच्या वेळी उलटं चित्र पाहिलं. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं. आपल्या काही सभासदांनी ते केलं, एकाने तर मागितलंच नाही. ज्या घरांतले लोक गावी निघून गेले त्या घरांत आपण हायपोक्लोराइट फवारलं, दारांवर कागद चिकटवले. १८९६ मधल्या मांडवीपासून आपण फार लांब आलेलो नाही, असं तेव्हा वाटून गेलं. पण या वेळी फवारणारे आपलेच वॉचमन होते आणि खाली झालेल्या घरांच्या कुंड्यांना पाणी घालणारे शेजारी होते.

तेव्हा कमिटीपुढे एक मागणी ठेवतो. लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच. घर एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाताना भरायचा एक पानी कागद सोसायटीने छापावा. दंडाचा नव्हे, नोंदीचा. त्यात विजेच्या आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग, म्हणजे आधीची थकबाकी नव्या माणसाच्या डोक्यावर बसणार नाही. ओल कुठे आहे, ती कुठून येते, तक्रार कधी दिली. बाथरूमला पाणी तुंबवून पाहिलं का, कोणत्या तारखेला. गीझरचं अर्थिंग. किती किल्ल्या दिल्या, कुलूप बदललं का. भिंतींचे चार फोटो. मालक, जाणारा आणि येणारा अशा तिघांच्या सह्या, आणि एक प्रत ऑफिसात. फ्लॅटमधल्या मुख्य व्हॉल्व्हची जागाही त्यात लिहावी. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचा नळ तुटला तेव्हा नव्या भाडेकरूला तो व्हॉल्व्ह सापडेपर्यंत पाणी जिन्यावरून तळमजल्याला पोचलं होतं. तो सिंकखालच्या कपाटात आहे, उजव्या बाजूला, आणि आपल्या इमारतीत सगळ्याच फ्लॅटमध्ये तिथेच आहे.